मडक्यात अंडी येतात, पिल्लं निघत नाहीत: बजीच्या जोडीचं अडतंय कुठे?

मादी अंडी घालते, नीट बसते, नर तिला भरवतो. वरवर सगळं ठीक दिसतं. तीन-साडेतीन आठवडे उलटतात आणि घरटं म्हणून टांगलेल्या मडक्यात तीच पाच-सहा अंडी पडून असतात. मग ती फेकली जातात, मादी पुन्हा घालते आणि पुन्हा तेच. बजी, म्हणजे आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा छोटा पोपट, पाळणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही आहे. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: मादी बदला, नर बदला, मडकं बदला, पाण्यात टॉनिक घाला. यातला एखादा कधीतरी लागू पडतो, पण का लागू पडला ते कळत नाही. त्यामुळे पुढच्या हंगामात गाडी परत तिथेच अडते.

माझं म्हणणं असं आहे की काहीही बदलण्याआधी अंडं कुठल्या टप्प्यावर थांबलं ते बघा. न फुटलेलं अंडं हीच तुमच्या हातातली एकमेव पक्की खूण असते आणि लोक नेमकी तीच कचऱ्यात टाकतात. मुळात रिकामं, म्हणजे न फळलेलं अंडं, आठवड्याभरात थांबलेला गर्भ, कवचात पूर्ण वाढून मेलेलं पिल्लू आणि बाहेर येऊन दोन दिवसांत मेलेलं पिल्लू, ही चार वेगळी दुखणी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

एक खुलासा आधीच करतो. पाठीवर काळ्या बारीक रेघा, लांब शेपटी आणि तीस-चाळीस ग्रॅम वजन असलेला जो पक्षी आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो, तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजे बजी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. ते घरट्यात काड्या-साली नेऊन बिछाना करतात, बजी करत नाही. म्हणून बजीच्या मडक्यात कापूस किंवा काथ्या कोंबू नका. मादी तो उपसून बाहेर टाकते, आणि उरलेला धागा पिल्लाच्या पायात अडकतो. या लेखातलं सगळं बजीबद्दल आहे. आपल्या देशी पोपटांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात ठेवायचेच नाहीत.

तारीख लिहा, मग टॉर्च घ्या

पहिलं अंडं ज्या दिवशी दिसलं ती तारीख लिहून ठेवा. मादी साधारण एक दिवस सोडून एक अंडं घालते. एका वेळी ४ ते ६, कधी ८ पर्यंत. बहुतेक माद्या पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासून पक्क्या बसतात, आणि नीट ऊब मिळायला लागल्यापासून सुमारे १८ दिवसांनी अंडं फुटतं. म्हणजे पिल्लंही एक दिवसाआड निघणार. सहा अंडी असतील तर पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात जवळपास दहा दिवसांचं अंतर पडतं. दोन पिल्लं निघाली, बाकीची निघाली नाहीत म्हणून उरलेली काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्या अंड्यांची वेळच झालेली नव्हती. शेवटचं अंडं घातल्यापासून २२-२३ दिवस होईपर्यंत एकही अंडं काढू नका.

हात लावला तर मादी अंडी सोडते ही भीती मनातून काढा. माणसाच्या हाताच्या वासाने बजी अंडी टाकत नाही. ती घाबरते ती अचानक मडकं हलण्याने आणि तोंडावर आलेल्या हाताने. मादी विष्ठेसाठी किंवा खायला बाहेर आली की तेवढ्यात बघून घ्या. (बसलेली मादी दिवसातून मोजक्या वेळा बाहेर येते आणि तेव्हाची विष्ठा मोठ्या गोळ्यासारखी, फार घाण वासाची असते. तो आजार नाही, त्यावर औषध देऊ नका.) अंड्यांवर स्केचपेनने हलक्या हाताने १, २, ३ असे आकडे घाला. टोकदार पेन्सिल नको.

पहिल्या अंड्याला ऊब मिळायला लागून सहा-सात दिवस झाले की खोलीत अंधार करा आणि बारीक झोताचा एलईडी टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला टेकवा. मोबाईलचा प्रकाश पसरतो, त्यात नीट दिसत नाही. भरलेल्या अंड्यात एक लाल ठिपका आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेल्या केसासारख्या बारीक शिरा दिसतात. बारकाईने पाहिलं तर ठिपका धडधडताना दिसतो. दहा-बारा दिवसांनी अर्ध्याहून जास्त अंडं काळपट होतं. शेवटी बोथट टोकाकडची हवेची जागा तेवढी उजळ राहते, बाकी सगळं गडद. रिकामं अंडं मात्र शेवटपर्यंत पिवळसर, स्वच्छ दिसतं आणि फिरवलं की बलकाची सावली आत सरकते. टॉर्चशिवायही थोडा अंदाज येतो: भरलेलं अंडं आठवड्याभरात खडूसारखं पांढरं, अपारदर्शक होतं, रिकामं तसंच गुलाबी-पिवळट राहतं.

सगळी अंडी रिकामी

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, म्हणून इथे जास्त थांबतो. सगळी अंडी स्वच्छ पिवळी असतील तर मडकं, ऊब, हवा यांचा विचार सोडून द्या. अंडी फळलीच नाहीत.

पहिला प्रश्न विचारायला लोकांना अवघड वाटतं, पण तोच आधी विचारा: ही जोडी नर-मादीची आहे का? दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना भरवतात, चोचीत चोच घालतात आणि दोघी मिळून अंड्यांवर बसतातही. पाहणाऱ्याला सुखी संसार दिसतो. हे ओळखायची पक्की खूण अंड्यांच्या तारखांत आहे. एक मादी दिवसाआड अंडं घालते. एकाच दिवशी दोन अंडी आली किंवा आठवड्यात सात-आठ झाली, तर घालणाऱ्या दोघी आहेत.

रंगाने ओळखायचं तर चोचीच्या वरचा, नाकपुड्या असलेला मांसल भाग बघा. मोठ्या नरात तो गडद निळा आणि गुळगुळीत असतो. मादीत तो तपकिरी, अंडी घालायच्या काळात खरखरीत, खपली धरल्यासारखा होतो. एरवी तो फिकट पांढरट-निळाही दिसतो आणि इथेच फसगत होते. त्या निळ्यात नाकपुड्यांभोवती पांढरी कडी असतील तर ती मादी. पूर्ण पांढरे आणि लाल डोळ्यांचे पिवळे, म्हणजे अल्बिनो आणि ल्युटिनो, यांच्यात मोठ्या नराचाही तो भाग निळा होत नाही, गुलाबी-जांभळाच राहतो. दुकानदाराने ‘गुलाबी आहे, अजून लहान आहे’ म्हणून दिलेला पांढरा पक्षी वयात आलेला नर असू शकतो.

दुसरा प्रश्न वयाचा. चार-पाच महिन्यांची मादी अंडी घालू शकते, पण त्या वयात तिला बसवणं हे तिच्या जिवाशी खेळणं आहे आणि अंडीही बऱ्याचदा रिकामी जातात. नर आणि मादी दोघंही वर्षाचे होऊ द्या. अगदी लवकर म्हणजे दहा महिने. कपाळावरच्या रेघा थेट नाकापर्यंत आलेल्या असतील आणि डोळा पूर्ण काळा असेल, तर ते पिल्लूच आहे. मोठं झाल्यावर कपाळ स्वच्छ होतं आणि बुबुळाभोवती पांढरी कडी येते. मादी चार वर्षांच्या पुढे गेली की तिला आराम द्या.

तिसरं कारण अगदी साधं आणि त्यामुळेच दुर्लक्षित आहे: दांडी. नर मादीच्या पाठीवर एक पाय देतो, पंख तिच्यावरून पलीकडे टाकतो आणि शेपटी तिच्या शेपटीखाली वळवतो. हे काही सेकंदांचं काम, पण तेवढा वेळ दोघांचा तोल टिकावा लागतो. पिंजऱ्यासोबत येणारी प्लास्टिकची गोल दांडी गुळगुळीत असते, दोन तारांमध्ये नुसती अडकवलेली असते आणि नर चढला की गरकन फिरते. नर घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो, शेवटी मादी कंटाळून उडून जाते. तुमच्या पिंजऱ्यातली दांडी बोटांनी धरून हलवून बघा. हलत असेल तर आजच काढा आणि कडुनिंबाची किंवा पेरूची करंगळीएवढ्या जाडीची, सालीसकट फांदी धुऊन, वाळवून, दोन्ही टोकांना तारेने घट्ट बांधा. भिंतीपासून इतकी लांब की शेपटी घासणार नाही. रिकाम्या अंड्यांचा प्रश्न नुसत्या दांडीने सुटलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. टॉनिकच्या बाटलीआधी हा बिनखर्ची उपाय करा.

मग लठ्ठपणा. बाराही महिने सूर्यफुलाच्या बिया आणि छोटा पिंजरा, यातून लठ्ठ आणि सुस्त जोडी तयार होते. नर मादीमागे जात नाही, गेला तर जमत नाही. सूर्यफूल बंद करा. रोजचं धान्य राळे, वरी, थोडी बाजरी असं ठेवा, आणि मडकं द्यायच्या आधी महिनाभर त्यांना मोठ्या पिंजऱ्यात उडू द्या. पिसं झडायच्या काळातही जोडी लावू नका. नवीन आणलेल्या जोडीला घरात रुळायला महिना-दीड महिना द्या; आल्याबरोबर मडकं टांगायची घाई बहुतेक वेळा वाया जाते.

समूहाने पाळत असाल तर आणखी एक भानगड असते. तीन जोड्यांना तीन मडकी हा हिशोब बरोबर वाटतो, पण माद्यांना तो पटत नाही. सगळ्यात उंच मडकं प्रत्येकीला हवं असतं. त्यावरून होणारी भांडणं जिवावर बेततात. एकमेकींची अंडी फोडली जातात, पिल्लं मारली जातात आणि नराला मादीजवळ कुणी टिकू देत नाही. तीन जोड्यांना पाच-सहा मडकी ठेवा, सगळी एकाच उंचीवर, सगळी एकाच दिवशी टांगलेली. जोडीशिवायची एकटी मादी त्या पिंजऱ्यात नकोच. जागा असेल तर एका पिंजऱ्यात एकच जोडी हे मला केव्हाही बरं वाटतं, कारण मग कुठलं पिल्लू कुणाचं हेही कळतं आणि भाऊ-बहिणीची जोडी लागण्याचा धोका टळतो.

आठवड्याभरात थांबलेलं अंडं

टॉर्चमध्ये शिरा दिसल्या होत्या, पण दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर शिरा गेल्या आणि रक्ताची एक गोल कडी उरली. म्हणजे गर्भ धरला होता आणि मेला. नर बदलण्याचं इथे काही कारण नाही.

बहुतेक वेळा अंडं गार पडलेलं असतं. आणि ते कसं पडतं ते आपल्याकडच्या घरांत समजून घेण्यासारखं आहे. संध्याकाळी मादी खायला बाहेर आली आणि तेवढ्यात लाईट गेली, किंवा कुणी ट्यूबलाईट खटकन बंद केली. बजीला अंधारात दिसत नाही. ती मडक्याचं भोक शोधू शकत नाही, रात्रभर दांडीवर बसून राहते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडची एक रात्र त्या अंड्यांना पुरते. उपाय: पिंजऱ्याजवळ रात्रभर एक झिरोचा बल्ब ठेवा, आणि भारनियमन असेल तिथे बॅटरीवर चालणारा छोटा दिवा. अंधार हळूहळू झाला पाहिजे. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांमुळे माद्या मडक्यातून उसळून बाहेर येतात, तेव्हाही या दिव्याने त्या परत आत जाऊ शकतात. त्या आठवड्यात पिंजरा घरातल्या आतल्या खोलीत न्या.

दुसरं कारण अंड्याला गेलेला बारीक तडा. मादीची नखं फार वाढली असतील किंवा मडक्याचा तळ सपाट असून अंडी घरंगळत असतील तर असं होतं. तडा केसाएवढाच असेल तर तेवढ्या रेघेपुरता नेलपॉलिशचा पातळ हात फिरवला तर अंडं वाचू शकतं. पूर्ण अंड्याला लावू नका, कवचातून गर्भ श्वास घेत असतो.

अस्वच्छ मडकं हेही एक. एकदा पिल्लं वाढलेलं मातीचं मडकं नुसतं झटकून परत टांगू नका. उकळत्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. फार मुरलेलं असेल तर सरळ नवीन घ्या. रात्री टॉर्च घेऊन मडक्याच्या बाहेरच्या बाजूला आणि टांगायच्या तारेपाशी बघा. लालसर, टाचणीच्या टोकाएवढे किडे हलताना दिसले तर ते रक्त पिणारे गोचिडवर्गी किडे आहेत. दिवसा ते फटीत लपतात, रात्री मादीला चावतात आणि ती अंडी सोडून उठते. मुंग्यांसाठी पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मारायचा खडू किंवा फवारा पिंजऱ्याच्या आसपासही नको.

हे सगळं नीट असून त्याच जोडीची अंडी दोन वेळा याच टप्प्यावर थांबली, तर दोघं एकाच मडक्यातली असण्याची शंका घ्या. दुकानातून ‘जोडी’ म्हणून घेतलेले दोन पक्षी बऱ्याचदा भाऊ-बहीण असतात.

पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मेलं

हे बघायला सगळ्यात वाईट वाटतं. आदल्या दिवशी अंडं कानाशी धरलं तर आतून चिवचिव ऐकू येते, कवचाला बारीक टोचा पडलेला असतो, आणि सकाळी आवाज बंद.

असं अंडं वेळ उलटून गेल्यावर उघडून बघा, मन घट्ट करून. बोथट टोकाकडून कवच सोला. आतलं पांढरं पापुद्र्यासारखं आवरण कोरडं, चामड्यासारखं चिवट झालेलं आणि पिल्लाच्या अंगाला चिकटलेलं असेल, तर हवा कोरडी पडली. पिल्लाने कवच फोडलं, पण त्या आवरणात ते गुंडाळलं गेलं, वळून कवच गोल कापायला त्याला जागाच राहिली नाही. याउलट पिल्लू पाणीदार, सुजल्यासारखं आणि आत पातळ द्रव साचलेला असेल, तर दमटपणा जास्त झाला.

बजी हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले पक्षी, म्हणून त्यांना कोरडी हवाच मानवते असं बरेच जण सांगतात. मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण तिथेही ते अंडी घालतात ते पाऊस पडून गवताला बी धरल्यावर, झाडाच्या ढोलीत. इंग्लिश पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले, तेव्हापासून पिंजऱ्यात त्यांच्या असंख्य पिढ्या झाल्या, रंग बदलले, आकार बदलला. अंड्याची गरज तीच राहिली. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की अंड्यातलं पाणी भराभर उडतं. शिवाय चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि अंड्याला हवी असते सुमारे साडेसदतीस अंश. मादी अंड्याला ऊब देऊ शकते, थंड करू शकत नाही. बाहेरची हवाच त्याहून गरम झाली की मडकं भट्टी होतं. मादी बाहेर येऊन चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसते आणि आत गर्भ मरतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्यांनी मार्चअखेर मडकी उतरवावीत आणि पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरला लावावीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. मार्चमध्ये अंडी आधीच असतील तर पिंजऱ्यात पसरट वाटीत अर्धा इंच पाणी ठेवा, किंवा ओली कोथिंबिरीची जुडी टांगा. मादी त्यात अंग घासते, पोटाची पिसं ओली करून परत अंड्यांवर बसते. तिला किती ओलावा हवा ते ती आपल्यापेक्षा चांगलं जाणते. अंड्यांवर थेट पाणी शिंपडू नका. कूलरचा झोत पिंजऱ्यावर नको, खोली थंड राहिली की पुरे. कोकणात आणि गोव्यात जून-जुलैत उलटं संकट असतं: दमट हवेत धान्याला बुरशी धरते आणि ती थेट पिल्लांना बाधते. तिथे धान्य थोडं थोडं आणा आणि कुबट वास आला की फेकून द्या. चाळून, वाळवून परत घालू नका.

कवचात मरण्याचं दुसरं मोठं कारण मादीच्या ताटलीत आहे. फक्त राळ्यावर असलेल्या मादीकडे अंड्यात घालायला काही शिल्लक नसतं. मडकं लावायच्या तीन आठवडे आधीपासून उकडलेलं अंडं कुस्करून (आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन तासांत उरलेलं काढून), मोड आलेली बाजरी किंवा मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी हे सुरू करा. आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो, कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेलाही सापडतो. किनाऱ्यावरचा असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने बांधा. अंडी घालायच्या दिवसांत मादी तो कुरतडून संपवते. त्यावरूनच तिला त्याची किती गरज आहे ते कळतं.

टोचा पडलेलं अंडं तासाभरात फुटलं नाही म्हणून सोलायला बसू नका. आतल्या आवरणातल्या शिरांत अजून रक्त खेळत असतं. पापुद्रा ओढला की पिल्लू रक्त जाऊन मरतं. टोचा पडल्यापासून एक दिवस, कधी त्याहून थोडा जास्त, वेळ लागतो.

पिल्लू निघालं, पण जगलं नाही

नुकतं निघालेलं पिल्लू सुमारे दोन ग्रॅमचं, उघडं आणि आंधळं असतं. मेलेल्या पिल्लाची गळ्याखालची पिशवी बघा. ती रिकामी असेल तर मादीने भरवलं नाही. पहिल्यांदाच बसलेल्या माद्यांमध्ये हे होतं, आणि नर मादीला भरवत नसेल तेव्हाही, कारण सुरुवातीचे दिवस मादी पिल्लांना सोडून फारशी हलत नाही. पिशवी भरलेली असून पिल्लू चपटं झालं असेल, तर मोठ्या भावंडांखाली चिरडलं गेलं. अशा वेळी दुसरी जोडी त्याच सुमारास बसलेली असेल तर बारकं पिल्लू तिच्या मडक्यात समवयस्कांत ठेवा. बजी परकं पिल्लू सहज सांभाळतात. गाईचं दूध किंवा दुधात कालवलेलं काहीही पाजू नका, पक्ष्यांना ते पचत नाही.

पाय फाकलेली पिल्लं सपाट, गुळगुळीत तळाच्या पेटीत होतात. तळ मध्ये खोलगट हवा आणि त्यावर सुताराकडचा न रंगवलेल्या लाकडाचा जाडसर भुसा हवा. पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आलं तर पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून सुधारतात, नंतर नाही. हे एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

चार आठवड्यांच्या पिल्लांच्या पाठीची पिसं उपटलेली दिसली, तर मादीला पुन्हा अंडी घालायची आहेत आणि पिल्लं तिला अडचण वाटताहेत. त्यांना नरासोबत वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, तो भरवतो. पण पिल्लं मडक्यातून बाहेर यायच्या सुमारास त्यांची पंखांची आणि शेपटीची लांब पिसं आपोआप गळत असतील, पक्षी जमिनीवर धावत असेल पण उडू शकत नसेल, तर तो विषाणूचा आजार असू शकतो. तिथे घरगुती उपाय नाही. नवीन पक्षी आणणं-देणं थांबवा, मडकी उतरवा, तपासणी करून घ्या.

जिथे थांबायला वेळ नाही

मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली आहे, डोळे मिटते आहे, शेपटी प्रत्येक श्वासाला वर-खाली होते आहे, शेपटीखाली फुगवटा आहे: अंडं अडलं आहे. पोट दाबू नका, तेल घालून काढायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं तर मादी जाते. तिला लहान खोक्यात, बल्बच्या उबेत, तीस अंशांच्या थोडं वर ठेवा, पाणी जवळ ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. काही तासांचाच प्रश्न असतो. कोवळ्या वयाच्या, कॅल्शियम न मिळालेल्या आणि लागोपाठ अंडी घालून थकलेल्या माद्यांमध्येच हे जास्त होतं, म्हणजे त्यातलं बरंचसं आपल्या हातात आहे.

म्हणूनच सलग दोन वेळा पिल्लं झाली, किंवा दोन वेळा अंडी वाया गेली, की मडकं काढा आणि किमान चार-पाच महिने लावू नका. उकडलेलं अंडं, मोड आलेलं धान्य बंद करून साध्या धान्यावर आणि पाल्यावर या, आणि पिंजऱ्यावरचा उजेड दिवसाकाठी नऊ-दहा तासांवर आणा. काही माद्या मडकं काढल्यावरही पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घालत राहतात. ती लगेच उचलू नका. उचललं की ती भरपाई म्हणून आणखी घालते आणि तिचं अंग पोखरत जातं. रिकामी असली तरी अंडी तिच्याजवळच राहू द्या. तीन आठवडे बसून ती स्वतःहून उठेल, मग काढा.